रानचिमणी ते रानपिंगळा: सलीम अलींना खानदेशातला एक पक्षी शेवटपर्यंत का सापडला नाही?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सलीम अलींचा. २०२० मध्ये राज्य सरकारने या आठवड्याला अधिकृत मान्यता दिली. त्या दिवसांत जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा इथले पक्षीमित्र दुर्बिणी घेऊन पहाटेच गाड्या काढतात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचतात. कुणी यावल अभयारण्यात पालच्या बाजूला जातं, कुणी तोरणमाळच्या रस्त्याला लागतं. वाट दाखवायला जंगलाच्या कडेला राहणारा एखादा पावरा किंवा तडवी भिल्ल माणूस बरोबर असतो. मोर, नीलपंख, सुतार असं बरंच काही दिसतं, पण सगळ्यांचे डोळे शोधत असतात ते साळुंकीएवढ्या आकाराच्या एका घुबडाला. त्याचं नाव रानपिंगळा.

ज्यांच्या वाढदिवसाला हा सप्ताह संपतो, त्या सलीम अलींनी हा पक्षी जंगलात कधीच पाहिला नाही. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर त्यांनी दहा खंड लिहिले, रानपिंगळ्याचा शोधही घेतला, पण तो हाती लागला नाही. यात पक्ष्याचा दोष नव्हता आणि सलीम अलींचाही नव्हता. एका खोट्या चिठ्ठीचा मात्र होता.

सुरुवात झाली एका चिमणीपासून

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतल्या खेतवाडीत झाला. भावंडांत ते सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं, त्यांनी या सगळ्या पोरांना सांभाळलं. मामा शिकारीचे शौकीन होते. भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक आली, तेव्हा घरात कुणाला वावगं वाटलं नाही.

त्या बंदुकीने सलीमने एक चिमणी पाडली. ती रोजच्या चिमणीसारखी दिसत होती, पण गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी ओळखीचं पत्र देऊन मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड हे इंग्रज गृहस्थ. या बुजऱ्या पोराला त्यांनी पिटाळून लावलं नाही. ती रानचिमणी आहे हे तर सांगितलंच, शिवाय कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. सलीम अलींच्या आयुष्याची दिशा त्या दुपारी ठरली, असं त्यांनी स्वतःच पुढे आत्मचरित्रात मानलं. पुस्तकाच्या नावातही त्यांनी चिमणीच ठेवली.

शाळेत मात्र फारसं काही जमलं नाही. डोकेदुखीचा त्रास असायचा, त्यामुळे हवापालटासाठी सिंधमध्ये राहावं लागलं. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. पुढे भावाच्या खाणधंद्यात मदत करायला ब्रह्मदेशातल्या तवॉयला गेले. धंदा टंगस्टनच्या खनिजाचा, आजूबाजूला घनदाट पावसाळी जंगल. अशा ठिकाणी या माणसाचं हिशोबाच्या वहीत लक्ष लागणं कठीणच होतं. धंदा चालला नाही, पक्ष्यांची ओळख मात्र वाढली. १९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर त्यांनी दावर कॉलेजात हिशोब आणि व्यापारी कायदा शिकायला घेतला आणि बरोबरीने सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्र. झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा ओढा ओळखून तसा मार्ग काढून दिला होता. १९१८ च्या डिसेंबरात तहमिना यांच्याशी लग्न झालं.

पदवी नव्हती म्हणून झूलॉजिकल सर्व्हेची नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ‘गाइड लेक्चरर’ हे पद मिळालं. पगार महिना ३५० रुपये. काम असं की शाळकरी मुलांना आणि पाहुण्यांना प्राण्या-पक्ष्यांच्या दालनातून फिरवायचं आणि समजावून सांगायचं. आज सातपुड्यात पर्यटकांना पक्षी दाखवणारे तरुण करतात तेच काम, फक्त पक्षी काचेआडचे. दोन वर्षांत त्यांना या मेलेल्या पक्ष्यांचा कंटाळा आला. १९२८ मध्ये रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे कातडी गोळा करून नावं देणं एवढंच नाही, जिवंत पक्षी कसा जगतो तेही पाहायचं, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१९३० मध्ये परत आले, तर म्युझियमने पैसे नाहीत म्हणून ते पदच रद्द केलेलं.

किहीमचा किनारा आणि सुगरणीचा खोपा

नोकरी नाही, मुंबईत राहणं परवडत नाही, म्हणून नवरा-बायको खाडीपलीकडे अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. आज शनिवार-रविवारी तिथे मुंबईकरांची गर्दी असते. तेव्हा ते नारळी-पोफळीत दडलेलं कोळी-आगऱ्यांचं गाव होतं. समोर समुद्र, मागे भातशेती आणि झाडांवर लोंबणारे सुगरणींचे खोपे.

बेकारीतला हा पावसाळा भारतीय पक्षीशास्त्राला फळला. लपण उभारून सलीम अली तासन् तास त्या खोप्यांसमोर बसू लागले. कोणता पक्षी कोणत्या घरट्यात शिरतो, कधी बाहेर येतो, याच्या नोंदी त्यांनी रोज ठेवल्या. त्यातून जे दिसलं ते तोवर कुणी नीट मांडलेलं नव्हतं. खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला, टोपीसारखा आकार आला की तो थांबतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, घर आतून-बाहेरून तपासतात. एखादीला पसंत पडलं की ती त्याचा ताबा घेते, मग नर खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. मादी अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हंगाम चांगला असेल तर तिसराही. हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि सलीम अलींचं नाव परदेशातही पोहोचलं.

योगायोग असा की त्याच काळात जळगावजवळच्या असोद्यात माहेर असलेल्या बहिणाबाई चौधरी शेतात काम करता करता गाणी रचत होत्या आणि त्यांतलं एक गाणं सुगरणीच्या खोप्यावरच आहे. बहिणाबाईंच्या गाण्यातली सुगरण लेकरांसाठी घर विणणारी आई आहे, सलीम अलींच्या टिपणातला कारागीर बाप. शास्त्र बापाच्या बाजूने आहे, पण पिल्लांना वाढवण्याचा बहुतेक भार मादीच उचलते, तेव्हा बहिणाबाईंचं निरीक्षण अगदीच वाऱ्यावर नव्हतं. दोघांनाही कागदावरची पदवी नव्हती, हे आणखी एक साम्य.

फुकट काम करतो, फक्त खर्च द्या

पुढे काय करायचं याचं उत्तर सलीम अलींनी स्वतःच शोधलं. देशात तेव्हा शेकडो संस्थानं होती आणि बहुतेकांच्या हद्दीतले पक्षी कुणी पद्धतशीर नोंदवलेले नव्हते. त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला की पाहणीचं काम बिनपगारी करतो, प्रवास आणि मुक्कामाचा खर्च तेवढा द्या. हैदराबादपासून सुरुवात झाली. मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तहमिना बहुतेक दौऱ्यांत बरोबर असत. तंबू, बैलगाडी, कंदील, पक्ष्यांची कातडी काढून मीठ-औषध लावण्याचं सामान, असा तो संसार होता.

१९३३ ची त्रावणकोर-कोचीनची पाहणी यांतली सगळ्यात समृद्ध. जिथे वर्षभर ओल सुकत नाही आणि झाडांच्या शेंड्यांखाली दुपारीही अंधार असतो, अशी पश्चिम घाटाची सदाहरित जंगलं त्यांनी पायी पालथी घातली. पेरियार नदीकाठचं तट्टेकाड त्यांना द्वीपकल्पातलं पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत ठिकाण वाटलं. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, तिथे त्यांच्याच नावाचं पक्षी अभयारण्य झालं. दुसरं त्यांच्या नावाचं अभयारण्य गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावर, खारफुटीत आहे.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. सलीम अली खचले. बहीण कमू आणि मेव्हणे हसन अली यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, आणि त्यांनी पुन्हा कामात डोकं घातलं. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघालं. सामान्य माणसाला खिडकीतून दिसणारा पक्षी ओळखता यावा, अशा बेताने लिहिलेलं हे पुस्तक. नेहरूंनी ते इंदिरेला भेट दिलं होतं. चाळीस वर्षांनंतर केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या पावसाळी जंगलात धरण बांधायचं घाटत होतं, तेव्हा ते रद्द करा म्हणून आवाज उठवणाऱ्यांत सलीम अली होते आणि दिल्लीत निर्णय घेणाऱ्या होत्या इंदिरा गांधी. धरण झालं नाही. १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

बाकीचा पसारा मोठा आहे. पद्मभूषण १९५८ मध्ये, पद्मविभूषण १९७६ मध्ये, १९८५ मध्ये राज्यसभा. १९५० साली स्वीडनमधल्या परिषदेला जाताना स्वतःची मोटरसायकल बोटीवर चढवून नेली, ही त्यांची आवडती हौस.

सगळंच बरोबर झालं असंही नाही. राजस्थानातलं भरतपूर वाचवण्यात त्यांचा वाटा मोठा, पण १९८२ मध्ये तिथे म्हशी चारायला बंदी आली तिला त्यांचा पाठिंबा होता. बंदीविरुद्ध गावकरी उठले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. पुढे सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसलं की म्हशी पाण्यातलं गवत खाऊन तळी मोकळी ठेवत होत्या. त्या गेल्यावर गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची जागा आकसली. जंगलाच्या कडेचा माणूस हा जंगलाचा शत्रूच, हे गृहीत त्या पिढीच्या बऱ्याच संवर्धकांच्या डोक्यात होतं. सातपुड्यात हा प्रश्न आजही तितकाच अवघड आहे.

हरवलेले पक्षी आणि एक जुना मित्र

सलीम अलींना एक खोड होती. जे पक्षी नामशेष झाले असं जग म्हणत होतं, त्यांच्या मागे ते लागत. फिन्स बया ही सुगरणीची दुर्मिळ जात त्यांनी कुमाऊंच्या तराईत पुन्हा शोधून काढली. हिमालयातली पहाडी लावी १८७६ नंतर कुणाला दिसली नव्हती. त्यांनाही दिसली नाही. आणि तिसरा पक्षी रानपिंगळा.

रानपिंगळ्याची कहाणी १८७२ पासून सुरू होते. आजच्या छत्तीसगडमध्ये एफ. आर. ब्लेविट यांना तो पहिल्यांदा मिळाला आणि पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचं नाव दिलं. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले तेच. त्यानंतर खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोदा भागात काही रानपिंगळे मारून त्यांची कातडी जपली. ती इंग्लंडला गेली. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सातच नमुने होते आणि १८८४ नंतरचा खात्रीचा एकही नाही.

एक मात्र होता. त्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की हा पक्षी १९१४ मध्ये गुजरातेतल्या तापीकाठच्या मांडवीला मिळाला. खाली नाव होतं कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांचं. हा ब्रिटिश फौजी अधिकारी, हेर म्हणून गाजलेला आणि पक्षीशास्त्रातला दबदबा असलेला माणूस. सलीम अलींचा तो जुना ओळखीचा. १९३७ मध्ये दोघं अफगाणिस्तानात एकत्र पक्षी गोळा करत हिंडले होते. त्या दौऱ्यातल्या डायरीत माइनर्ट्‌झहागन यांनी सलीम अलींबद्दल आणि एकूण हिंदी माणसांबद्दल बरंच तिखट लिहून ठेवलं होतं. पुढे ते छापलं गेलं तेव्हा सलीम अलींनी त्याची गंमतच केली.

हे प्रकरण मात्र गंमतीवारी नेण्यासारखं नव्हतं. १९७० च्या दशकात सलीम अली आणि त्यांचे अमेरिकी सहलेखक डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला. याच जोडीने १९६८ ते १९७४ दरम्यान भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला होता. इतकी माहिती असलेले दोन लोक शोधायला निघूनही हात रिकामेच राहिले. रानपिंगळा बहुधा संपला, असं अनेकांनी धरून चालायला सुरुवात केली.

१९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा भागात १९०० नंतर कुणी न पाहिलेला जेर्डनचा धाविक सोसायटीच्या संशोधकांना मिळाला. सलीम अली तेव्हा हयात होते, त्यांना ती बातमी कळली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते मुंबईत गेले. रानपिंगळ्याची बातमी यायला अजून दहा वर्षं होती.

चिठ्ठी खोटी निघते

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकी संशोधक जुन्या संग्रहांतले नमुने तपासत होती. रानपिंगळ्याचे सगळे नमुने तिने शेजारी ठेवून पाहिले. माइनर्ट्‌झहागनचा पक्षी वेगळा वाटला. वरवर नव्याने भरलेला, पण आतली कातडी काढण्याची पद्धत, शिवण, सांध्यांची हाताळणी जुन्या एकाच माणसाची होती: खानदेशातल्या डेव्हिडसनची. म्हणजे हा पक्षी १९१४ चा नव्हताच. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचा नमुना चोरून, पुन्हा पेंढा भरून, त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर छापलं. तोवर माइनर्ट्‌झहागनच्या संग्रहातल्या इतरही कित्येक नमुन्यांची लबाडी उघड झाली होती. तो स्वतः १९६७ मध्येच वारला होता.

एका खोट्या चिठ्ठीने काय बिघडतं? तर शोधण्याची जागाच चुकते. पक्ष्याची शेवटची नोंद जिथली, तिथेच माणूस आधी जातो. मांडवी बाद झाल्यावर खऱ्या जागा उरल्या त्या डेव्हिडसनच्या, म्हणजे खानदेशातल्या.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तिघं आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी हिंडून, काही न मिळाल्याने खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला पिंगळा त्यांना दिसला. डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, छातीवर गडद पट्टे, पाय दणकट. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा जगापुढे आला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायला आणखी सात महिने लागले.

गंमत म्हणजे हा पक्षी लपूनछपून राहणारा नाही. साधा पिंगळा संध्याकाळी बाहेर पडतो, रानपिंगळा दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, टोळ असं काही बघत उघड्या फांदीवर शेपटी हलवत बसतो. त्याला घनदाट जंगल लागत नाही. सागाचं कोरडं, मोकळं, पानगळीचं रान लागतं. अंड्यांसाठी जुन्या झाडाची ढोली हवी. त्रावणकोरच्या वर्षावनात वा किहीमच्या किनाऱ्यावर तो सापडण्याचा प्रश्नच नव्हता. तो होता शेतीला लागून असलेल्या, सरपणासाठी तोडल्या जाणाऱ्या, बाहेरच्या माणसाला कंटाळवाण्या वाटणाऱ्या जंगलात.

शोध लागल्यावर सलीम अलींच्या सोसायटीतल्या आणि इतर संशोधकांनी पुढच्या काही वर्षांत त्याच्या जागा धुंडाळल्या. तोरणमाळचं राखीव जंगल, यावल अभयारण्य, मेळघाट, मध्य प्रदेशातला खंडवा-बुऱ्हाणपूरचा पट्टा, अशी नावं जमत गेली. अतिसंकटग्रस्त यादीतला हा पक्षी २०१८ मध्ये एक पायरी वर, संकटग्रस्त यादीत आला. जंगल वाढल्यामुळे हे घडलं नाही, पक्षी आणखी ठिकाणी दिसला एवढंच कारण. तळोदा-शहाद्याकडे तर त्याच्या राहण्याच्या झाडांवर कुऱ्हाड चालूच आहे, आणि ती चालवणाऱ्यांपाशीही दुसरी जमीन नाही.

२०१४ मध्ये रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात दिसला. तानसाच्या तलावाचं पाणी मुंबई रोज पिते. सलीम अली आयुष्याची शेवटची वर्षं जिथे राहिले, त्या वांद्र्याच्या पाली हिलवरून तिथे पहाटे निघून संध्याकाळपर्यंत घरी परत येता येतं.